एकधारी सेफ्टी रेझर, सोलापूरच्या पाण्यावर: प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

काम एवढंच: अनेक ब्लेडचं तयार कार्ट्रिज सोडून एकधारी, म्हणजे ब्लेडच्या एकाच बाजूला धार असलेल्या, रेझरकडे येणाऱ्या माणसासाठी दाढीची पद्धत लिहून काढायची, आणि ती एका पानात बसवायची. अट अशी की ती सोलापूरच्या घरातल्या पाण्यावर आणि इथल्या दुकानात मिळणाऱ्या ब्लेडवर चालली पाहिजे. बाहेरून येणारी बहुतेक माहिती मऊ पाणी आणि जाड एकधारी ब्लेड सहज मिळतं असं धरून लिहिलेली असते. इथे दोन्ही नाहीत.

टेबलावर तीन रेझर आहेत. पहिला जेम कंपनीचा जुना १९१२ नमुना, झाकण वर उचलून ब्लेड घालायचा. दुसरा जेमचाच मायक्रोमॅटिक, मुठीची खालची कळ फिरवली की वरची झाकणं उघडतात. तिसरा नवा, साधं दुधारी ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग लावायचा. जेमचं ब्लेड सुमारे ०.२३ मिमी जाड असतं आणि त्याच्या पाठीला पोलादी कणा असतो. आपलं नेहमीचं दुधारी ब्लेड ०.१ मिमी. तिन्ही रेझर ‘एकधारी’ म्हणून ओळखले जातात, पण हा जाडीचा फरक आम्ही पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवला आहे. सगळा प्रकल्प त्याच्याभोवती फिरेल असं वाटतं.

इतिहासाची एक ओळ पानावर ठेवायची: एकधारी आधी आले, दुधारी नंतर. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंचा ‘स्टार’ १८८० च्या सुमाराचा. किंग जिलेटच्या दुधारी रेझरची विक्री १९०३ मध्ये सुरू झाली आणि पेटंट १९०४ मध्ये मिळालं.

५ मार्च

जुन्या दोघांची सफाई. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, अर्धा तास भिजवण, मग मऊ टूथब्रश. झाकणाच्या बिजागरीत वाळलेल्या साबणाचा दगड झाला होता. तो टाचणीने खरवडायचा मोह आवरावा, कारण निकेलचा मुलामा तिथेच सर्वात पातळ असतो. लाकडी टूथपिकने दहा मिनिटं जास्त लागली, पण ओरखडा आला नाही.

व्हिनेगर, लिंबू किंवा सायट्रिक आम्ल यात रात्रभर भिजवायचं नाही. मुलामा उडालेल्या जागी खालचं पितळ उघडं असतं, आम्ल तिथे चरतं. अमोनिया असलेले क्लीनर पितळाला तडे पाडू शकतात आणि ब्लीच पोलादी भागांना खड्डे पाडतं. शेवटी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून काढलं. ९९ टक्क्यांचं जंतुनाशक म्हणून उलट कमी पडतं, कारण ते लवकर उडून जातं आणि जंतूंच्या आत शिरायला थोडं पाणी लागतंच.

नवा रेझर घेताना धातू विचारून घ्यावा. स्टेनलेस स्टील किंवा पितळ असेल तर आयुष्याची काळजी नाही. स्वस्तातले पुष्कळ रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. मुलाम्याला एक छिद्र पडलं की आत पांढरी पूड धरते आणि एक दिवस आटे तुटून मूठ हातात येते.

९ मार्च, रविवार

जेममध्ये मागची स्प्रिंग ब्लेडला पुढे रेटते आणि दोन कोपऱ्यांतले छोटे थांबे त्याला अडवतात. धार सुरक्षा पट्टीपासून किती अंतरावर राहील ते या थांब्यांवर ठरतं. जुना रेझर विकत घेताना मुलाम्याची चमक नंतर बघावी, आधी भिंगाने हे दोन थांबे बघावेत.

अंतर मोजायला फीलर गेज (फटी मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्या) आणलं होतं, ते बाजूला ठेवलं. पोलादी पट्टी धारेला घासली की धार गेली. त्याऐवजी कागद. ८० जीएसएमचा झेरॉक्स कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या एकावर एक ठेवून, जेवढ्या अलगद सरकतात तेवढ्या मोजायच्या. दोन्ही कोपऱ्यांत समान आल्या तर रेझर सरळ.

मायक्रोमॅटिक दोन्ही कडांना सारखा निघाला. १९१२ नमुन्यात डाव्या कोपऱ्यात दोन पट्ट्या जास्त जातात. डावा थांबा झिजला आहे, ब्लेड तिरकं बसतं. थांबा पकडीने वाकवायचा विचार सोडला, तो तुटला तर जोडता येत नाही. तिरक्या ब्लेडने गालावर दाढी होईल, गळ्यावर नक्की कापेल. १९१२ आता फक्त रचना दाखवण्यापुरता.

१२ मार्च

दुधारी ब्लेड मोडणे. आपल्याकडे सलूनमधल्या वस्तऱ्यात अर्धं ब्लेडच लागतं, त्यामुळे कारागिराला ही कृती शिकवावी लागत नाही. घरी करणाऱ्याला लागते.

ब्लेड कागदातून काढायचं नाही. कागदासकट दोन्ही आखूड टोकांना चिमटीत धरायचं, लांबीच्या दिशेने मध्यावर घडी घातल्यासारखं वाकवायचं, चेहऱ्यापासून लांब. मधल्या लांब खाचेमुळे दोन्ही अर्धे फक्त टोकांशी जोडलेले असतात. पोलाद कडक, त्यामुळे ते फार वाकत नाही, एक ‘टक्’ आवाज येतो आणि दोन तुकडे होतात. हळूहळू पुढे-मागे हलवून मोडलं तर मोडाच्या जागी दातासारखं बारीक टोक राहतं. पंधरा ब्लेडं मोडून बघितली. चुकलेली सगळी अशीच, घाबरत घाबरत मोडलेली.

हे टोक दिसायला क्षुल्लक आहे. नखाने मागच्या कडेवरून अलगद चाचपलं की लागतं. रेझरमध्ये बसवलं की मागचा एक कोपरा उचललेला राहतो आणि पुढची धार एका बाजूला जास्त बाहेर येते. पकडीने ते टोक छाटायला जाऊ नये, ब्लेडचे तुकडे उडतात. अशी अर्धी थेट डब्यात. सलूनसाठी कारखान्यातच अर्धी केलेली ब्लेडंही मिळतात, त्यांची मागची कड सरळ असते. नवशिक्याने शक्यतो तीच घ्यावीत.

१६ मार्च, रविवार

पहिली चाचणी. पाच जण, प्रत्येकाचा उजवा गाल मायक्रोमॅटिकने, डावा अर्ध्या ब्लेडच्या रेझरने. साबण, पाणी, ब्रश तेच.

गालावर दोन्ही ठीक. हनुवटीवर अर्धं ब्लेड थरथरलं. हात चालवताना बोटांना बारीक कंप जाणवतो आणि केस कापण्याऐवजी ओढल्यासारखे वाटतात. जाड ब्लेडने त्याच जागी एकसारखा ‘कर्र’ आवाज दिला.

कारण सरळ यंत्रशास्त्राचं आहे. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ०.२३ ला ०.१ ने भागलं तर २.३, आणि २.३ चा घन सुमारे १२. म्हणजे तेवढीच लांबी बाहेर असेल तर जेमचं ब्लेड बारा पट ताठ. जुने एकधारी वापरणारे ज्या गुळगुळीत दाढीचं कौतुक करतात तिचा मोठा वाटा इथे आहे. अर्धं ब्लेड लावलं की रेझर एकधारी होतो, हा ताठपणा मात्र आपोआप येत नाही.

तो आणता येतो. पकडीबाहेर ब्लेड किती लांब आहे त्याच्या घनावरही वाकणं अवलंबून असतं. बाहेरची लांबी निम्मी केली तर वाकणं एक अष्टमांश. म्हणून असा रेझर घेताना वरची टोपी धारेच्या किती जवळ येऊन दाबते ते बघायचं, बाकी जाहिरात वाचू नये. आमच्या रेझरचा स्क्रू पाव फेरा ढिला राहिला होता आणि दोघांच्या ब्लेडला मोडाचं टोक होतं. दोन्ही दुरुस्त करून संध्याकाळी पुन्हा बघितलं, कंप जवळजवळ गेला. पूर्ण नाही.

१९ मार्च, रंगपंचमी

आज आणि उद्या चाचणी नाही. पानावर एक ओळ वाढवली: रंग खेळल्यावर लगेच दाढी करायची नाही. कोरड्या रंगाचे कण केसांच्या मुळाशी अडकतात, धार त्यांच्यावरून गेली की धारही जाते आणि कातडीही सोलवटते. आधी खोबरेल तेल, मग साबणाने दोनदा धुणं, एक दिवस जाऊ देणं.

२३ मार्च, रविवार

पाण्याचा दिवस, दोन्ही अर्थांनी. महापालिकेचं पाणी उजनी, टाकळी आणि हिप्परगा या स्रोतांतून येतं आणि रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी पिंपात साठवण असते. मधल्या दिवसांना बोअर. आपला पाषाण काळा, दख्खनचा बेसॉल्ट. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, पर्यायी स्रोत नसेल तर ६००. प्यायला चालणारं पाणी साबणाला चालेलच असं नाही.

तपासायची घरगुती रीत: साध्या अंगाच्या साबणाचा कीस थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवायचा. एकसारख्या तीन बाटल्यांत आरओचं, नळाचं आणि बोअरचं पाणी समान घ्यायचं. थेंब टाकायचा, हलवायचं, दोन मिनिटं टिकणारा फेस कधी येतो ते मोजायचं. डिटर्जंटचं लिक्विड इथे वापरू नये, ते कठीण पाण्यातही फेसाळतं आणि चाचणी फसते. आरओच्या बाटलीत पहिल्या काही थेंबांतच फेस धरला. नळाच्या पाण्याने जास्त खाल्ले. बोअरच्या बाटलीत फेसाऐवजी फाटलेल्या दुधासारखे पांढरे कण तरंगत राहिले. हा चुन्याचा साबण. दाढीच्या वेळी हाच धारेवर आणि ब्रशच्या मुळाशी बसतो, आणि माणूस ब्लेडला दोष देतो.

काय केलं आणि काय फसलं: पाणी उकळून गार केलं, थोडाच फरक, कारण उकळण्याने बायकार्बोनेटचा कठीणपणा जातो, सल्फेट-क्लोराइडचा राहतो. फेसात चिमूटभर सायट्रिक आम्ल टाकलं, फेस तिथल्या तिथे मोडला. आम्लाने साबणाचं पुन्हा चरबीच्या आम्लात रूपांतर होतं. धुण्याचा सोडा पाणी मऊ करतो, पण चेहऱ्यावर नको, कातडी कोरडी पडून आग होते.

उत्तर अगदी साधं निघालं. फेसापुरतं आरओचं पाणी. ब्रश भिजवायला आणि फेस करायला एक वाटी, साधारण १५० मिली, पुरते. चेहरा धुवायला आणि रेझर खळबळायला कुठलंही पाणी चालेल. नळ सोडून ठेवायचा नाही, अर्धा लिटरच्या मगमध्ये रेझर हलवायचा. एकधारी रेझरचं डोकं मागून मोकळं असतं, दोन हेलकाव्यांत केस-फेस निघून जातो. पाच ब्लेडच्या कार्ट्रिजमध्ये ब्लेडांमधली फट इतकी बारीक की तिथे नळाच्या धारेखाली धरून आपटावं लागतं. पाण्याच्या गावाला हा फायदा लहान नाही.

२ एप्रिल

टॉवेल. केस मऊ करायला गरम ओला टॉवेल दोन-तीन मिनिटं. सोलापूरचा टेरी टॉवेल यासाठी उत्तम, त्याचे लूप पाणी आणि उष्णता धरून ठेवतात. नवा कोरा टॉवेल मात्र पाणी पीत नाही, सुतावरची खळ आणि विणताना लागलेलं तेलकटपण निघालेलं नसतं. कोमट पाण्यात दोनदा धुवावा, कपडे मऊ करणारं लिक्विड न घालता. ते घातलं की लूपवर थर बसतो आणि पाणी ओघळून जातं.

६ एप्रिल, रविवार

हात बसवणे. यावर सर्वात जास्त वेळ गेला आणि जावाच लागतो.

कार्ट्रिजची मान हलती असते, कोन ती सांभाळते आणि माणूस दाबायला शिकतो. एकधारीत कोन हाताने धरायचा आणि दाब सोडून द्यायचा. मायक्रोमॅटिकसाठी: रेझरच्या डोक्याचा सपाट माथा गालाला पूर्ण टेकवा. या स्थितीत धार लागत नाही. आता मूठ हळूहळू खाली आणा, केस कापल्याचा आवाज येईल तिथे थांबा. तोच कोन, कातडीशी धारेचा साधारण ३० अंश. अर्ध्या ब्लेडच्या रेझरलाही ही रीत लागू पडते, फक्त मूठ किती खाली येते ते बदलतं. मूठ फार खाली आली की धार खरवडते. फार वर राहिली तर नुसती घसरते.

मूठ तीन बोटांत, शेवटाकडे धरा. डोक्याजवळ धरली की दाब येतोच. हात दोन-तीन सेंटिमीटरचा, मोकळ्या हाताने कातडी ताणलेली. पाचांतल्या चौघांनी पहिल्या दिवशी लांब हात मारले, गाल ते जबडा एका दमात. जबड्याच्या हाडावर कोन बदलतो आणि तिथेच कापतं.

आधी केसांची दिशा. दोन दिवसांची दाढी वाढू द्यायची, बोट फिरवून बघायचं: जिकडे गुळगुळीत लागतं ती सुलट. गळ्यावर ती वरून खाली असतेच असं नाही, बऱ्याच जणांची कानाकडून घशाकडे आडवी असते, काहींना भोवरा असतो. पहिला हात सुलट, पुन्हा फेस, दुसरा आडवा. उलटा हात पहिले दोन आठवडे नाही. त्यानंतरही गळ्यावर गरज वाटली तरच.

इथेच एका धारेचा मोठा फायदा. पाच ब्लेडचं कार्ट्रिज एका जागेवरून तीनदा फिरलं की त्या कातडीवरून पंधरा धारा गेल्या. एकधारीच्या तीन हातांत तीन. शिवाय अनेक ब्लेडच्या रचनेत पहिलं ब्लेड केस किंचित ओढतं आणि तो मागे सरकायच्या आत पुढचं कापतं, त्यामुळे टोक कातडीखाली जाऊ शकतं. कुरळ्या केसांच्या माणसाला तोच केस आत वळून पुटकुळी येते. एक धार केस कातडीच्या पातळीवर कापते. ज्याच्या गळ्यावर सतत लाल पुटकुळ्या आहेत त्याला आम्ही सर्वात आधी हा रेझर देऊ. ज्याला त्रासच नाही, त्याच्या कार्ट्रिजवर आक्षेप नाही.

तोटाही लिहायचा. जेमचं डोकं जाड, नाकाखाली बसत नाही. तिथे अर्ध्या ब्लेडचा रेझर सरस, वरचा ओठ दातांवर खाली ताणून सरळ खाली दोन छोटे हात. आणि धार एकाच बाजूला, म्हणून दुधारीपेक्षा दुप्पट वेळा मगमध्ये बुडवावा लागतो.

१३ एप्रिल, रविवार

तुरटी. चेहरा साध्या पाण्याने धुऊन साबण पूर्ण गेल्यावर ओला खडा फिरवायचा, अर्धा मिनिट थांबून चेहरा धुवायचा. साबण राहिला तर तुरटीशी मिळून चिकट थर होतो. तुरटी रक्त थांबवते, पण आमच्या कामात तिचा उपयोग दाब ओळखायला झाला. जिथे झोंबते तिथे दाब जास्त पडला किंवा एकाच जागी हात फिरत राहिला. पहिल्या आठवड्यात पाचही जणांना जबड्याखाली झोंबली, आता फक्त एकाला, डाव्या कानाखाली. तो उजव्या हाताने तिथे पोचताना मनगट वळवतो आणि कोन बिघडतो. मनगट सरळ ठेवून कोपर वर करायला सांगितलं. तुरटी लागलेल्या बोटांनी रेझर उचलू नये, मुलामा डागाळतो.

२० एप्रिल, रविवार

ऊन चढलं आहे. पंख्याखाली दाढी केली तर दुसऱ्या हाताआधी फेस वाळून पापुद्रा धरतो. पंखा बंद, किंवा अर्धा चेहरा एका वेळी. घामाने ताजी कातडी चुरचुरते, त्यामुळे दुपारी बाहेर पडणाऱ्यांनी दाढी रात्री करावी.

ब्लेडचं आयुष्य. दाढी मोजून ब्लेड बदलू नये, ओढायला लागलं की बदलावं. सर्वसाधारण चार ते सात दाढ्या. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही धार बोथट का होते, यावर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली काम केलं. धार नुसती झिजत नाही, केस वाकून तिरका लागला की तिचे बारीक टवके निघतात. चांगला भिजलेला मऊ केस आणि ताणलेली कातडी धारेलाही वाचवते.

वापर झाल्यावर ब्लेड पुसायचं नाही. झटकायचं, वाटीत उरलेल्या आरओच्या पाण्यात एकदा बुडवायचं, उभं ठेवायचं. बोअरच्या थेंबाचा डाग धारेवर चुना होऊन बसतो.

एक इशारा ठळक अक्षरांत. जेमच्याच आकाराची, रंग खरवडायची साधी कार्बन पोलादाची ब्लेडं हार्डवेअरमध्ये किंवा ऑनलाइन मिळतात. रेझरमध्ये ती बसतात, म्हणूनच धोका. दाढीच्या ब्लेडच्या धारेवर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) थर असतो, त्यांच्यावर नसतो. ‘स्टेनलेस’ आणि ‘कोटेड’ असं पाकिटावर वाचल्याशिवाय घेऊ नये.

खर्चाचा हिशोबही इथेच. देशी दुधारी ब्लेड साधारण दोन ते पाच रुपयांचं, त्याचे दोन अर्धे. जेमची ब्लेडं बाहेरून येतात, कितीतरी पट महाग, मिळण्याचीही खात्री नाही. मन मायक्रोमॅटिककडे ओढतं, पण सोलापुरात राहणाऱ्याला आम्ही अर्ध्या ब्लेडचा, पक्क्या पकडीचा रेझर सुचवणार.

२७ एप्रिल, रविवार

वापरलेल्या ब्लेडचा डबा. घंटागाडीत सुटं ब्लेड टाकलं की ते कचरा वेगळा करणाऱ्याच्या हातात जातं. पत्र्याचा बंद डबा घेतला, झाकणाला ४५ मिमी लांब, ३ मिमी रुंद चीर. पातळ छिन्नीने आतल्या बाजूला ठोकायची, कडा आत वळल्या की बोट कापत नाही आणि ब्लेड परत बाहेर येत नाही. झाकण कडेने चिकटवून टाकलं. बाहेर ब्लेडचं चित्र आणि ‘धारदार’ हा शब्द मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हीत. भरला की चिरेवर पत्र्याचा तुकडा चिकटवून भंगारात, आत काय आहे ते सांगून.

रेझर एकमेकांत वापरू नये, घरातसुद्धा. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात आणि न दिसणाऱ्या कापातूनही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा बदल डॉक्टरांना विचारूनच.

४ मे, रविवार

पान छापायला तयार. दोन सलून कारागिरांना दाखवलं. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या, दोन्ही घेतल्या: कल्ल्याजवळ कातडी वर ताणावी, मागे नाही. आणि ब्रश गोल फिरवून झाल्यावर शेवटी रंगाऱ्यासारखा वर-खाली मारावा, केस उभे राहतात.

बाकी कामं: मायक्रोमॅटिकच्या कळीला तेलाचा एक थेंब. अर्ध्या ब्लेडच्या रेझरची टोपी धारेपासून किती मिमीवर दाबते ते कागदपट्टीने मोजून पानावर टाकणे. १९१२ चा थांबा तसाच, डब्यावर चिठ्ठी लावली: ‘फक्त दाखवण्यासाठी, ब्लेड घालू नये.’